रूढीच्या जमिनीचा कायदा होताना गावाला कधी आणि काय विचारावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक आदिवासी युवक गट विचारतो: सामूहिक जमीन आणि जंगल यांबद्दलच्या कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा निघाला की शासन हरकती-सूचना मागवतं आणि लोकसहभाग झाला असं नोंदवतं. याला सहभाग म्हणायचं का? म्हणायचं नसेल तर तो कोणत्या टप्प्यावर मागायचा? आणि आपल्या जमिनीच्या रूढी कायद्यात लिहून घ्याव्यात का?

पूर्व विदर्भातल्या ग्रामसभांबरोबर सामूहिक दावे आणि नियमांवरच्या हरकती हेच काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवातून शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्याच्या उत्तरावर ठरतं.

रूढी कायद्यात लिहून घेऊ नका. रूढी ठरवण्याचा, बदलण्याचा आणि तिच्यावरून उठलेला वाद मिटवण्याचा अधिकार कुणाचा, हे लिहून घ्या.

जमिनीची रूढी गावात चालती असते. कुठल्या पट्ट्यात कुऱ्हाड लावायची नाही, पडीक ठेवलेली जागा किती वर्षांनी दुसऱ्याने कसायची, लग्न होऊन गेलेली मुलगी परत आली तर तिला काय मिळायचं, घरजावयाचा हक्क किती, हे प्रत्येक पिढी थोडं थोडं बदलत जाते आणि सगळ्यांसमोर बसून बदलते. तेच कलमात छापलं की बदलायला विधानसभा लागते. शिवाय छापलं जातं ते बहुधा मोजणीच्या अधिकाऱ्यासमोर जो बोलला त्याचं म्हणणं.

छोटानागपूर काश्तकारी कायद्याकडे पाहा. बिरसा मुंडांच्या १८९९-१९०० च्या उलगुलाननंतर, म्हणजे उठावानंतर, १९०८ मध्ये हा कायदा झाला. मुंडांच्या खुंटकट्टी हक्काला (जंगल तोडून गाव वसवणाऱ्या मूळ कुळांच्या जमीनहक्काला) मान्यता आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांकडे जाण्यावर बंधन, या दोन गोष्टींमुळे लाखो लोकांची जमीन वाचली. आजही झारखंडमध्ये या कायद्याला हात लावला की लोक रस्त्यावर येतात. २०१६ मधली दुरुस्ती विधेयकं राज्यपालांनी २०१७ मध्ये परत पाठवली, ती या विरोधामुळेच. कायद्याचं हे मोल मान्य करूनही दुसरी बाजू सांगायला हवी. खुंटकट्टीदार कोण याची व्याख्या करताना पुरुष वारसांची ओळ कायद्यातच घातली गेली. पुढे बायकांनी हक्क मागितला तेव्हा गावाच्या बैठकीत मिटू शकणारा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ मध्ये न्यायालयाने ती कलमं रद्द केली नाहीत. जमिनीवर पोट असलेल्या बायकांना हटवता येणार नाही, एवढं संरक्षण मात्र दिलं. एकदा छापलेली रूढी किती घट्ट बसते, ते यावरून कळावं.

पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याने वेगळा रस्ता धरला. भुरिया समितीच्या १९९५ च्या अहवालानंतर डिसेंबर १९९६ मध्ये तो झाला. रूढी काय आहे हे तो सांगत नाही. राज्यांचे पंचायत कायदे रूढी, सामाजिक-धार्मिक चालीरीती आणि सामूहिक साधनांच्या पारंपरिक व्यवस्थापनाशी सुसंगत असले पाहिजेत, असं तो सांगतो आणि त्या जपायला ग्रामसभा सक्षम आहे असं म्हणतो. गावाची व्याख्याही तो वस्तीवरून करतो. आपला कारभार स्वतःच्या परंपरेनुसार चालवणारा समूह ज्या वस्तीत, पाड्यात किंवा टोल्यात राहतो ते गाव. मसुद्यात तुम्ही जे मागाल ते याच धर्तीचं असू द्या.

आता टप्प्याचा प्रश्न. इथे २००६ च्या वनहक्क कायद्याची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे, कारण लोकांच्या रेट्यामुळे नेमकं काय बदललं आणि काय बदललं नाही, दोन्ही त्यात दिसतं.

मे २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने वनजमिनीवरची अतिक्रमणं काढण्याचं परिपत्रक काढलं. पिढ्यान्पिढ्या कसत आलेली कुटुंबं एका कागदाने अतिक्रमक ठरली. देशभर मोर्चे, जनसुनावण्या, धरणी झाली आणि त्यातूनच डिसेंबर २००५ मध्ये विधेयक संसदेत आलं. ते आलं तेव्हा त्यात फक्त अनुसूचित जमाती होत्या, जमिनीचा ताबा २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचा हवा होता, आणि मर्यादा कुटुंबामागे अडीच हेक्टर होती. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. किशोरचंद्र देव अध्यक्ष होते. संघटनांनी आणि गावांनी समितीपुढे आपलं म्हणणं मांडलं. अंतिम कायद्यात तारीख १३ डिसेंबर २००५ झाली, मर्यादा चार हेक्टर झाली, इतर पारंपरिक वननिवासी आत आले. पण त्यांच्यावर ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट बसली. दाव्यावरचा शेवटचा शब्दही ग्रामसभेकडे राहिला नाही, तो उपविभाग आणि जिल्हा स्तरावरच्या समित्यांकडे गेला. आजही दावे अडकतात ते मुख्यतः या दोन ठिकाणीच.

बदललेल्या गोष्टी कुठल्या आहेत ते बघा. कोण, कधीपासून, किती, कशाच्या पुराव्यावर आणि निर्णय कोणाचा. कायद्याचा जीव इथे असतो. सल्लामसलतीच्या बैठकांत मात्र लोकांना विचारतात ते योजनांबद्दल, लाभांबद्दल, 'तुमच्या अडचणी काय' याबद्दल. व्याख्यांचं कलम अधिकाऱ्यांच्या टेबलावर आधीच ठरलेलं असतं. म्हणून पहिली मागणी ही करा की व्याख्या आणि पुरावा यांवरची चर्चा मसुद्याच्या आधी व्हावी.

व्याख्येत काय ताकद असते ते बांबूवरून समजतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये मोडत होता, म्हणून तो वन विभागाचा. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनउपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) नावानिशी आला, म्हणून तो ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारे वाहतूक परवाने काही मिळत नव्हते. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हातात आली. कायद्यात बांबूचं नाव नसतं तर त्या दिवशी ग्रामसभेकडे दाखवायला काही आधार नसता.

पुराव्याचंही असंच आहे. २००८ च्या नियमांत कागदांच्या जोडीला वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, बांधबंदिस्ती, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं आणि वंशावळ हे सगळे पुरावे धरले आहेत. एखाद्या विशिष्ट प्रकारच्या कागदाचाच आग्रह धरू नये, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. जमीन कुणाची हे गावात ज्या खुणांवरून ओळखतात त्या खुणा कायद्यात आल्या, याला मी सहभागाचं फळ म्हणतो. यात प्रदेशाचा फरकही आहे. पूर्वीच्या मध्यप्रांतातल्या, म्हणजे आजच्या पूर्व विदर्भातल्या गावांकडे निस्तार हक्कांच्या, म्हणजे जंगलातून सरपण, चारा, लाकूड घेण्याच्या जुन्या हक्कांच्या नोंदी सापडतात. रायगड-ठाण्याकडच्या कातकरी आणि ठाकर कुटुंबांकडे दळीच्या, म्हणजे डोंगरउतारावर कसायला दिलेल्या वनजमिनीच्या नोंदी असतात. मुंबईत बसून एकच नमुना ठरवला की एका बाजूचा कागद आपोआप बाद होतो, आणि तसं झाल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता मूळ प्रश्न: हरकती-सूचना मागवल्या म्हणजे सहभाग झाला का? कायदेशीर कर्तव्य म्हणून पाहिलं तर भारतात ते फार पातळ आहे. २०१४ च्या केंद्राच्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं म्हटलं आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही. घटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराबद्दलच्या भागात, जनजाती सल्लागार परिषद आहे. तिचे जास्तीत जास्त २० सदस्य, त्यांतले तीन चतुर्थांश विधानसभेतले आदिवासी आमदार. राज्यपाल जो विषय पाठवतील त्यावर तिने सल्ला द्यायचा. आमदार पक्षाशी बांधलेले, आणि अनेक राज्यांत परिषदेचा अध्यक्ष मुख्यमंत्रीच. म्हणजे ज्याच्या निर्णयावर सल्ला द्यायचा तोच खुर्चीत. घटनेच्या अनुच्छेद ३३८क प्रमाणे केंद्र आणि राज्य सरकारांनी आदिवासींवर परिणाम करणाऱ्या सर्व प्रमुख धोरणांबाबत राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचा सल्ला घ्यायचा असतो. ही तरतूद जवळपास विसरली गेली आहे. हरकतीत तिचा उल्लेख जरूर करा.

भाषेचा अडसर तर उघडच आहे. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्यावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. फार चांगला आदेश. पण त्या अनुसूचीत संताली आणि बोडो आहेत; गोंडी नाही, भिली नाही, कोरकू नाही, कोलामी नाही. न्यायालयाचा आदेश तंतोतंत पाळला असता तरी महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासींपर्यंत मसुदा त्यांच्या भाषेत पोचला नसता.

बाहेरच्या देशांत काय झालं ते थोडं सांगतो, कारण हरकतीत त्याचा उपयोग होतो. कोलंबियाच्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये तिथला सर्वसाधारण वन कायदा पूर्णच रद्द केला. कारण एकच, तो करताना आदिवासी आणि आफ्रिकी वंशाच्या समुदायांशी आधी सल्लामसलत झाली नव्हती. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मिकिसू क्री समुदायाच्या प्रकरणात नेमकं उलट सांगितलं. कायदा तयार करण्याच्या प्रक्रियेत सल्लामसलतीचं कर्तव्य सरकारवर नाही. फरक आहे तो बराचसा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १६९ क्रमांकाच्या करारामुळे. कोलंबियाने तो स्वीकारला आहे, कॅनडाने नाही. भारतानेही नाही, आपण अजून १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या जुन्या करारावरच आहोत. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं. त्याच्या १९ व्या अनुच्छेदात कायदा करण्याआधी मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीसाठी सल्लामसलत करण्याची बाब आहे. तो कोर्टात थेट लागू होत नाही, पण दिलेल्या मताची आठवण सरकारला करून देता येते.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला नॉर्वेतल्या सामी लोकांचं वाटतं. फिनमार्क प्रांतातल्या जमिनीवरचं विधेयक सरकारने २००३ मध्ये आणलं. सामींच्या निवडून आलेल्या संसदेने ते फेटाळलं. मग राष्ट्रीय संसदेच्या न्याय समितीने स्वतंत्र कायदेतज्ज्ञांचं मत मागवलं. विधेयक १६९ क्रमांकाच्या कराराला धरून नाही, असं त्या तज्ज्ञांनी सांगितलं. त्यानंतर समितीने सामी संसद आणि प्रांतिक परिषद या दोघांबरोबर बैठका घेत विधेयक बदललं, आणि जून २००५ मध्ये कायदा झाला. प्रांतातली सुमारे ९५ टक्के जमीन एका वेगळ्या संस्थेकडे गेली, जिच्या मंडळावर तीन सदस्य सामी संसदेचे आणि तीन प्रांतिक परिषदेचे. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब ही की नकार मिळाल्यावर प्रक्रिया थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे नकार 'प्राप्त हरकती' या रकान्यात जातो आणि तिथेच राहतो.

नकाराला वजन असलेली घटना आपल्याकडेही आहे. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि रायगडा-कालाहांडीतल्या बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. पण तो एका प्रकल्पापुरता निर्णय होता. कायदा करण्याच्या टप्प्यावर असा शब्द ग्रामसभेला अजून मिळालेला नाही.

कायदा झाला की काम संपलं असं मानणारे खूप भेटतात. जास्त धोका नियमांत आणि शासन निर्णयांत असतो. पेसा १९९६ चा, आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम मार्च २०१४ चे. मधली सतरा वर्षं गावांकडे अधिकार कागदावरच होता. त्याच २०१४ मध्ये राज्याने भारतीय वन कायद्याखाली ग्रामवन नियम काढले. वनहक्क कायद्याने जे जंगल ग्रामसभेला हक्क म्हणून दिलं, त्याच प्रकारच्या जंगलाचा कारभार या नियमांत वन विभागाच्या देखरेखीखालची व्यवस्था म्हणून पुढे आला. केंद्रीय आदिवासी विकास मंत्रालयानेही आक्षेप घेतला होता. म्हणून मसुदा वाचताना शोधायचं वाक्य हे: इतर कायद्यांशी विरोध आला तर कोणता कायदा वरचढ? ते नसेल तर घालायला लावा. यापेक्षा महत्त्वाची हरकत क्वचितच असेल.

गावात हे प्रत्यक्ष कसं करायचं ते आता सांगतो.

'तुमची रूढी काय' असं कधी विचारू नका. त्याला मिळणारं उत्तर सभ्य आणि निरुपयोगी असतं. लोक जे असायला हवं ते सांगतात. त्याऐवजी भांडणं विचारा. गेल्या पिढीत जमिनीवरून, चराईवरून, मोहाच्या झाडांवरून कोणाकोणात वाद झाले? कोणाकडे गेले? काय ठरलं? ते न पाळणाऱ्याचं काय झालं? अशा आठ-दहा गोष्टी जमल्या की गावाची जमीनव्यवस्था डोळ्यांसमोर उभी राहते. मुख्य म्हणजे अधिकार कुठे आहे ते दिसतं. कधी तो गायत्याकडे किंवा भूमियाकडे, म्हणजे गावाच्या पारंपरिक पुजारी-प्रमुखाकडे असतो, कधी अनेक गावांच्या इलाक्याच्या बैठकीत, तर कधी गेल्या काही वर्षांत ग्रामसभेकडे आलेला असतो. मसुदा एकाच गावाला घटक धरत असेल आणि तुमच्या भागात निर्णय इलाका घेत असेल, तर पहिली हरकत तुम्हाला इथेच सापडली. माडिया गोंडांसारख्या आदिम जमातींच्या अधिवास हक्काच्या (वावराच्या साऱ्या परिसरावरच्या हक्काच्या) चर्चेत हा मुद्दा हमखास येतो.

मसुदा कलमवार वाचून दाखवला तर गाव झोपी जातं, आणि त्यात गावाचा दोष नाही. प्रत्येक कलमाचा प्रसंग करा. 'वाड्यावरच्या अमक्याने पाच वर्षं मजुरीला बाहेर काढली, परत आला तर या नियमाप्रमाणे त्याच्या जागेचं काय होईल?' हे गोंडीत किंवा कोरकूत, शेजारच्या गावच्या माणसाने सांगितलेलं उत्तम. वेळही बघा. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता, जुलैत रोवणी. या काळात निघालेल्या ३० दिवसांच्या सूचनेवर पाड्यांकडून काही येणार नाही, आणि मंत्रालयात त्याचा अर्थ 'हरकत नाही' असा घेतला जाईल. मुदतवाढ मागणं हीच अशा वेळी पहिली हरकत असते, आणि ती पहिल्याच आठवड्यात जायला हवी.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि आधी घ्या. वनहक्क नियमांत ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची आणि त्यांत एक तृतीयांश बायकांची हजेरी लागते. हजेरी भरते, बोलणं मात्र होत नाही. वारसाचा प्रश्न तर सगळ्यांत नाजूक. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे सगळं रूढीवर येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वादात सांगितलं की मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांना वाटा नाकारता येत नाही. काही जाणती माणसं या निकालाने अस्वस्थ झाली. मला तो आधार वाटतो. बायकांना न विचारता 'आमची रूढी' म्हणून जे सांगितलं जातं ते अर्ध्या गावाचंच असतं. आणि सरकार अर्ध्या गावाचं म्हणणं नोंदवतं अशी तक्रार करणाऱ्यांनी तेच करू नये.

मसुदा आधीच निघाला असेल आणि मुदत चालू असेल तर हातात असलेलं काम हे. संघटनेच्या लेटरहेडवर एक निवेदन पाठवण्यापेक्षा जितक्या ग्रामसभांना जमेल तितक्यांचे स्वतंत्र ठराव पाठवा. प्रत्येक ठरावात कलमाचा क्रमांक, आताचे शब्द, हवे असलेले शब्द आणि त्यामागचं गावातलं कारण लिहा. नुसता विरोध सहज बाजूला ठेवता येतो. पर्यायी शब्द दिले तर कुणाला तरी त्यावर टिपणी लिहावी लागते. प्रती जनजाती सल्लागार परिषदेला, राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला आणि राज्यपालांच्या कार्यालयाला द्या. पाचव्या अनुसूचीखाली राज्यपाल एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात फेरफारासह लागू करू शकतात. महाराष्ट्रात मे २०२० मध्ये असंच झालं. जिल्हास्तरीय समितीने नाकारलेल्या वनहक्क दाव्यांवर विभागीय समितीकडे अपील करण्याची वाट त्या अधिसूचनेने उघडली. हा दरवाजा कमी वापरला जातो, पण तो आहे.

प्रत्येक प्रतीची पोच घेऊन ग्रामसभेच्या ठराव वहीत लावा. आणि नियम अंतिम झाले की लगेच, वर्षभर न थांबता, माहितीच्या अधिकारात फाईलवरच्या टिपण्या मागा: आमच्या ठरावातल्या अमुक कलमावर काय निर्णय झाला, कोणी घेतला, कारण काय नोंदवलं. कारण नोंदवलेलंच नसेल तर तेही लेखी मिळवा. पुढची दुरुस्ती मागताना किंवा उच्च न्यायालयात जाताना वकील तुमच्याकडे हेच कागद मागेल.